भाकरी आधी की बिअर आधी? प्रश्नाचीच झडती

संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने एखादा जुना, गाजलेला आणि अजून न मिटलेला वाद सुरुवातीपासून वाचून काढावा, असं मला वाटतं. पाठ्यपुस्तकात उत्तरं मिळतात. वादात मात्र हुशार माणसं पुराव्यावरून निष्कर्षाकडे कशी जातात, कुठे नीट चालतात आणि कुठे उडी मारतात, ते दिसतं. आज मी असाच एक वाद घेतलाय. माणसाने शेती सुरू केली ती भाकरीसाठी की बिअरसाठी?

हसू नका. सत्तर वर्षांपासून मोठमोठी माणसं यावर भांडतायत. माझा स्वतःचा विषय ज्वारीच्या दाण्यातलं स्टार्च. त्यामुळे पुरातत्त्वाच्या या भांडणात मी बाहेरची. पण अलीकडे हे भांडण मायक्रोस्कोपखाली, स्टार्चच्या कणांवर येऊन ठेपलंय आणि तिथे मला थोडं बोलता येतं. शिवाय मी बुलढाणा जिल्ह्यातली. हे पेपर वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली: ते लिहिणाऱ्यांनी आमच्याकडचं स्वयंपाकघर बघितलेलं नाही. हा टोमणा नाही, पद्धतीवरचा आक्षेप आहे. तो पुढे मांडते.

आधी वाद नेमका काय ते बघा. शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे रॉबर्ट ब्रेडवुड इराकच्या कुर्दिस्तान भागात जार्मो इथे उत्खनन करत होते. तिथे जव आणि गहू सापडला. त्यावर विस्कॉन्सिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोनाथन सॉअर यांनी शंका काढली: हे धान्य लोकांनी भाकरीसाठीच पिकवायला घेतलं कशावरून? बिअरसाठी का नसेल? ब्रेडवुड यांना प्रश्न आवडला. त्यांनी तज्ज्ञांकडून लेखी मतं मागवली आणि १९५३ मध्ये ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’मध्ये ती एकत्र छापली. त्यात मक्याच्या उगमावर काम केलेले हार्वर्डचे पॉल मँगल्सडॉर्फ होते. त्यांचा सूर चिडल्यासारखाच आहे. पोषण देणारं धान्य सोडून लोक नशेच्या मागे लागले आणि अशा अर्धपोटी, अर्धवट झिंगलेल्या माणसांनी संस्कृतीचा पाया घातला, हे मानायचं का, असा त्यांचा सवाल.

हा लेख जरूर मिळवून वाचा. जेमतेम बारा पानं आहेत आणि आजच्या पेपरांपेक्षा कितीतरी मोकळेपणाने लिहिलेली. पण एक लक्षात ठेवा. तेव्हा कुणाकडेही या प्रश्नाचं उत्तर देईल असा थेट पुरावा नव्हता. प्रत्येक जण आपापल्या अंदाजावरून बोलत होता, आणि तसं सांगूनही टाकत होता.

१९८६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे सॉलोमन कॅट्झ आणि मेरी व्हॉइट यांनी बिअरची बाजू सावरली. त्यांचा मुद्दा पोषणाचा होता. धान्य मोडवून आंबवलं की त्यातली ब जीवनसत्त्वं वाढतात, खनिजं शोषू न देणारं फायटेट कमी होतं आणि वर मनाला तरतरी येते. मग माणूस त्या धान्याच्या मागे का लागणार नाही? युक्तिवाद दिसायला छान आहे. पण आंबवण्याचे हे बहुतेक फायदे आंबिलीलाही लागू होतात. ज्वारीचं पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी शिजवा. आंबलं, पचायला हलकं झालं, फायटेटही कमी झालं. नशा मात्र नाही. म्हणजे पोषणाचा मुद्दा आंबवण्याच्या बाजूने बोलतो, बिअरच्या बाजूने बोलतोच असं नाही. लेखकांनी दोन गोष्टी एका दमात म्हटल्या आणि वाचणाऱ्यांनी त्या एकच समजून घेतल्या. पेपर वाचताना अशी जोडगोळी दिसली की पेन्सिलीने खूण करा.

२०१३ मध्ये ब्रायन हेडन आणि सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांच्या मते पश्चिम आशियातले नातुफियन लोक, म्हणजे शेतीच्या उंबरठ्यावरचे शिकारी आणि कंदमुळं-धान्य गोळा करणारे लोक, मोठ्या पंक्ती उठवत. पंगतीत मान मिळवायचा तर बिअर हवी आणि बिअर हवी तर धान्य हवं. हा पेपर हुशारीने लिहिलाय, पण मला तो कधी पटला नाही. पंगत होती हे एकवेळ दाखवता येईल. त्या पंगतीत काय वाढलं होतं हे पंगतीच्या आकारावरून कसं कळणार? आमच्या शेगावच्या पंगतीत लाखो माणसं जेवतात आणि पिठलं-भाकरी हा तिथला मानाचा प्रसाद आहे. पंगत मोठी असली की दारू असायलाच हवी, हा नियम कुठल्या गावचा?

आता खरा मामला. २०१८ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन पेपर आले. जगभरच्या वर्तमानपत्रांत एकाची बातमी ‘जगातली सर्वांत जुनी भाकरी’ आणि दुसऱ्याची ‘जगातली सर्वांत जुनी बिअर’ अशा अर्थाची झाली. दोन्ही नातुफियन काळातले. हे दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचणं हा संशोधनाच्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि चांगला कोर्स आहे.

बिअरचा पेपर ली लिऊ आणि सहकाऱ्यांचा. जागा आहे इस्राएलमधल्या कार्मेल डोंगरातली राकेफेत गुहा, काळ १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा. तिथे नातुफियन लोकांनी आपली माणसं पुरली होती. गुहेतल्या दगडी उखळांपैकी तीन उखळांतले सूक्ष्म अवशेष तपासले गेले. दोन उखळं धान्य साठवायची आणि एक कुटायचं, शिजवायचं आणि त्यातच बिअर करायचं, असा निष्कर्ष काढला. आधार मुख्यतः स्टार्चचा. धान्य मोडवलं की दाण्यातली विकरं स्टार्चचे कण कुरतडतात. त्यांवर खड्डे, छिद्रं, भेगा दिसतात. मग गरम पाण्यात ठेवलं की कण फुगतात, आकार बिघडतो. लेखकांनी प्रयोगशाळेत स्वतः बिअर करून बघितली, प्रत्येक टप्प्यावर स्टार्च कसं दिसतं ते नोंदवलं आणि उखळातल्या कणांशी ताडून पाहिलं.

प्रयोग करून पाहिला हे उत्तमच. अडचण पुढे आहे. त्यांनी बिअर करून बघितली, पण बिअरसारखाच ठसा उमटवणाऱ्या बाकीच्या पदार्थांशी ही तुलना पुरेशी ताणून पाहिली नाही.

इथे मला आमचे धापोडे आठवतात. खानदेशात यांनाच बिबडे म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी तीन दिवस पाण्यात भिजत घालायची, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी दाणा मऊ पडतो, आंबूस वास सुटतो, एखाद्या दाण्याचं नाक फुटून कोंबही डोकावायला लागतो. मग ती वाटायची किंवा भरडायची, पाण्यात कालवून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, मीठ, तिखट. ओल्या धोतरावर गरम गरम थापायचं आणि उन्हात वाळवायचं. माझी मावशी हे काम मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला सुरू करते, कारण उन्हं चढायच्या आत धोतर भरायला हवं.

आता पुरावा शोधणाऱ्याच्या नजरेने हे पातेलं बघा. दाणा भिजला, त्यात विकरं जागी झाली, जिवाणूंनी तो आंबवला, वाटताना कण दुखावले, शिजवताना फुगले. हीच साखळी, जवळपास याच क्रमाने, बिअरच्या भांड्यातही असते. आणि शेवटी हातात येतो तो पापड. मावशीचं पातेलं दहा हजार वर्षांनी कुणी खरवडलं तर कुठला निष्कर्ष निघेल, सांगा बरं? (मावशी माळकरी आहे. हा निष्कर्ष तिला कळवायला मी जाणार नाही.)

खड्ड्या-छिद्रांचंही तसंच. मका आणि ज्वारीच्या कच्च्या, न भिजवलेल्या दाण्यातल्या स्टार्चकणांवरही बारीक छिद्रं मुळातच असतात. गहू आणि जवाच्या मोठ्या कणांवर ती कडेच्या खाचेत सापडतात. ही १९९० च्या दशकापासूनची माहिती आहे. ती छिद्रं फार सूक्ष्म, साध्या मायक्रोस्कोपला दिसायची नाहीत, त्यामुळे राकेफेतच्या लेखकांनी त्यांनाच मोड आल्याची खूण मानलं असं मी म्हणत नाही. पण ‘छिद्र दिसलं’ या वाक्यावर कुणी थांबू नये. किती मोठं, कणावर कुठे, शंभरातल्या किती कणांवर, आणि कच्च्या दाण्यात तसं किती असतं, हे चारही आकडे सोबत हवेत. मी माझ्या स्लाइड्स मोजताना याच चार रकान्यांचा तक्ता भरते आणि खरं सांगते, चौथा रकाना भरण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

२०१९ मध्ये डेव्हिड आयटम यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला: ही बिअर नव्हे, हे धान्याचं साधं अन्न. लेखकांनी उत्तर दिलं. भांडण तिथेच आहे. माझं मत विचाराल तर राकेफेतच्या उखळात धान्य भिजवून, कुटून, शिजवून काहीतरी केलं होतं इतपत मला पटतं. त्या ‘काहीतरी’ला बिअर म्हणणं ही शक्यता आहे, निष्कर्ष नाही.

आणि उलट बाजूही आहे. मोडाच्या खुणा शोधणारी ही चाचणी आपल्याकडची जुनी मद्यं पकडेल का? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु अशी मद्यं सांगितली आहेत. मेदक तांदळाचं, ते लावायला किण्व वापरत, म्हणजे विरजणच म्हणा, आणि ते किण्व उडीद आणि तांदूळ कालवून केलेलं असे. जेम्स मॅकह्यू यांचं २०२१ मधलं ‘अॅन अनहोली ब्रू’ हे पुस्तक या सगळ्यासाठी वाचा, सुरेख आहे. पण मुद्दा हा की जिथे धान्य मोडवलंच नाही, किण्वाने आंबवलं, तिथे मोडाच्या खुणा कुठून येणार? एकच चाचणी आमच्या पापडाला बिअर म्हणू शकते आणि मेदकाला ओळखू शकत नाही. चाचणी वाईट नाही. ती एका प्रदेशाच्या स्वयंपाकावर बेतलेली आहे, एवढंच.

भाकरीचा पेपर यापेक्षा उजवा आहे आणि तो का, हे समजून घेण्यासारखं आहे. आमाया अरान्झ-ओताएगी आणि सहकाऱ्यांनी जॉर्डनच्या ईशान्येकडच्या काळ्या वाळवंटातल्या शुबायका १ या ठिकाणच्या चुलींमधले जळके तुकडे तपासले. काळ सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्या जवळपास ४,००० वर्षं आधीचा. सहाशेहून जास्त तुकडे होते. त्यातले २४ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बारकाईने पाहिले. तुकड्यातली पोकळी केवढी, किती टक्के जागा पोकळीने व्यापलेली, धान्याचे कण किती बारीक दळलेले, हे मोजलं आणि नुसतं दिसण्यावर न जाता त्या मापांवरून भाकरीसारखं काय आणि घाट्यासारखं काय ते वेगळं केलं. त्यात रानटी जव-गव्हाच्या जातींसोबत पाणवठ्याकाठच्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या कंदाचं पीठही होतं.

मोजमापं दिली, पर्याय तपासले, म्हणून हा पेपर टिकतो. पण त्यांनीही शेवटी एक पाऊल जास्त टाकलंय, असं मला वाटतं. भाकरी करणं कष्टाचं, म्हणून तिला मान, म्हणून पुढे लोकांनी धान्य पिकवायला घेतलं असावं, अशी शक्यता ते सुचवतात. २४ जळक्या तुकड्यांनी एवढं ओझं उचलायचं? भाकरी ४,००० वर्षं आधीपासून होत होती, तर ती शेतीचं कारण कशी? चार हजार वर्षं कारण होतं आणि परिणाम झाला नाही. उलट असंही म्हणता येईल की शेतीशिवाय भाकरी आरामात मिळत होती.

मधल्या काळात एक पेपर असा आला की तो वाचून मला बरं वाटलं. अँड्रियास हाइस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की दाणा मोडवला की त्याच्या अल्युरोन थरातल्या पेशींच्या भिंती पातळ होतात आणि दाणा जळून कोळसा झाला तरी ही खूण टिकते. म्हणजे मोड आले होते की नाही, एवढा एकच छोटा प्रश्न त्यांनी घेतला आणि त्याचं उत्तर देणारी खूण शोधली. मोड आलेलं धान्य म्हणजे बिअरच, असं मात्र म्हटलं नाही. मोडाचे इतरही पदार्थ असतात, याचं भान ठेवलं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एवढा लहान प्रश्न असला तर मुलाखतीला बसलेलं कुणीतरी नाक मुरडेल, विषय फारच छोटा आहे म्हणेल. मुरडू द्या.

आता मूळ प्रश्नाकडे. भाकरी की बिअर, हा वाद मुळात शेतीच्या उगमाबद्दल आहे. पण शेतीचा उगम आपण ओळखतो कशावरून? रोपावरून. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटून दाणे सांडतात; पेरणीच्या गव्हाची ओंबी तशीच राहते, मळावी लागते. दाणा जिथून तुटतो तिथली खूण जळक्या अवशेषातही दिसते. ही खूण कापणी आणि पेरणीमुळे बदलत जाते. कापून नेलेल्यातलं बी पुन्हा पेरलं की न सांडणारी रोपं वाढत जातात. घरी नेलेल्या दाण्याचं तव्यावर काय झालं की मडक्यात, याच्याशी त्या रोपाला देणंघेणं नाही. १९९० मध्ये हिलमन आणि डेव्हिस यांनी हिशेब मांडला होता की ही गोष्ट २० ते २०० वर्षांत घडू शकते. पुढे डोरियन फुलर आणि इतरांनी प्रत्यक्ष अवशेष मोजले तेव्हा ती दोन-तीन हजार वर्षं रेंगाळलेली दिसली. एवढ्या संथ गोष्टीमागे कुणाच्या तरी मनात असलेला एखादा पदार्थ होता, असं म्हणणं मला अवघड जातं.

जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानात काराजादाच्या उतारावर रानटी गहू हाताने आणि गारगोटीच्या विळ्याने कापून बघितला. तासाला सुमारे एक किलो स्वच्छ दाणा. तीन आठवड्यांत एक कुटुंब वर्षभर पुरेल त्याहून जास्त गोळा करेल, असा त्यांचा अंदाज होता. मग पेरायचं कशाला? हा प्रश्न भाकरीवाल्यांनाही लागू आणि बिअरवाल्यांनाही.

स्वयंपाकघर रोपावर कधीच ठसा सोडत नाही, असंही नाही. पूर्व आशियात चिकट भात, चिकट राळा, चिकट ज्वारी आहे. स्टार्चमधलं अमायलोज कमी करणारा जनुकातला बदल लोकांनी मुद्दाम जपला, कारण त्यांना तसं अन्न आणि मद्य आवडत होतं. आपल्याकडची मालदांडी ज्वारी बघा. एम ३५-१ हे मोहोळला निवडलेलं वाण. टपोरा, पांढरा, मोत्यासारखा दाणा. भाकरी गोड लागते म्हणून आजही लोक त्यालाच जास्त भाव देतात. (ती रब्बीची. आमच्याकडे खरिपाची ज्वारी जास्त असायची, सोयाबीन येईपर्यंत.) पण हे ठसे शेती सुरू झाल्यावर उमटले आहेत. उगमाच्या काळातला असा ठसा गहू-जवात सापडला तर वादाला खरी कलाटणी मिळेल. शोधायचं ते तिथे.

ज्वारीचं नाव निघालंच आहे, तर तिची गोष्ट या वादात कुणी पुरेशी वापरली नाही, असं मला वाटतं. ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये इ.स.पू. ३५०० ते ३००० च्या दरम्यानच्या खापरांत तिच्या भुशाचे ठसे सापडले. शेतीत येऊ लागलेल्या ज्वारीचा हा आतापर्यंतचा जुना पुरावा, २०१७ मध्ये छापलेला. तिथे ज्वारी बिअरचं धान्य आहे. सुदानची मेरिसा, बुर्किना फासोची डोलो, दक्षिणेकडची उमकोंबोथी. रँडी हालँड यांनी २००७ मध्ये मांडलं की आफ्रिकेत आधी मडकं आलं, म्हणून घाटा आणि बिअर. पश्चिम आशियात मडक्याच्या आधी भट्टी, म्हणून भाकरी. मांडणी सुबक आहे, जरा जास्तच. सुदानमध्ये आंबवलेल्या ज्वारीची किस्रा नावाची पातळ पोळी तव्यावर होते, आणि तीही रोजची.

हीच ज्वारी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि बुलढाण्यात तिचं काय झालं? भाकरी. त्याशिवाय कोवळ्या कणसांचा हुरडा, नागपंचमीच्या लाह्या, ताकातल्या कण्या, आंबील, धापोडे. बिअर नाही. धान्य आलं, त्याच्यासोबतची बिअर आली नाही. यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: धान्याला स्वतःचा असा ठरलेला पदार्थ नसतो. एकाच दाण्याचं एका ठिकाणी पेय होतं, दुसऱ्या ठिकाणी भाकरी. मग जार्मोच्या जवाकडे बघून हा कशासाठी पिकवला असेल, हे ठरवायचं कसं?

एक तांत्रिक बाबही आहे, जी आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे जनावराने खाल्ले की किराळ लागते. जनावर फुगतं, तडफडतं, कधी जातंही. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून सायनाइड तयार होतं. मोड आलेल्या ज्वारीतही ते भरपूर असतं. आफ्रिकेतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मोड वाळवून, उकळून त्यातून वाट काढतात. हे कौशल्य धान्याच्या पोत्यातून प्रवास करत नाही, माणसांसोबत करतं. आपल्याकडे बिअर न येण्याचं हे कारण असेलच असं मी म्हणणार नाही. पण तपासण्यासारखं कारण आहे आणि ज्यांना विषय हवाय त्यांनी लिहून घ्यावं.

बरं, पिकलेली ज्वारी सोडा, शेतीच्या उगमाचं आपल्याला सगळ्यात जवळचं ठिकाण कुठलं? बुलढाण्यात पूर्णाकाठी संग्रामपूर तालुक्यात भोन आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे विटांचा स्तूप सापडला आणि आता ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या सावटाखाली आहे. पण भोन मौर्य-सातवाहन काळातलं. तोवर शेती जुनी झाली होती. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव त्याहून जुनं, इ.स.पू. १६०० ते ७००. तिथलं मुख्य धान्य जव, आणि जोर्वे संस्कृतीची तोटीची सुंदर भांडीही तिथे मिळाली. जव अधिक तोटी म्हणजे बिअर, असा मोह पडेल. पडू देऊ नका. तोटीने पाणी ओततात, ताक ओततात, तेलही ओततात. शिवाय इनामगावचे लोक जव घेऊनच आले. त्यांनी तो रानातून माणसाळवला नाही.

खरं जवळचं ठिकाण दक्षिणेला, कर्नाटकात. संगनकल्लू, हल्लूर आणि आसपासच्या नवाश्मयुगीन वस्त्या, इ.स.पू. तिसरं सहस्रक. फुलर, रवी कोरीसेट्टर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या राखेतून काय वेचलं? मूग, कुळीथ आणि राळ्या-सावासारखी दोन बारीक तृणधान्यं. दख्खनची आपली म्हणता येईल अशी शेती मूग आणि कुळथापासून सुरू झाली. मुगाची बिअर? मुगाची भाकरी? घुगऱ्या करा, शिजवून खा, कण्यांमध्ये घाला. पश्चिम आशियातही मसूर आणि वाटाणा गव्हाच्या बरोबरीनेच शेतात आले, पण वादाच्या शीर्षकात डाळीला कुणी जागा दिली नाही.

आणि नशेचंच म्हणाल तर सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोदकडे, मोह आहे. झाड रानातलं, फुलं आपोआप गळतात, साखरेने भरलेली. पेरणी नको, मोड नकोत. दारूसाठीच माणूस शेतीकडे वळत असता तर मोहाच्या प्रदेशात त्याला कुणी ढकललं?

हा वाद एवढा का टिकला, याचं एक कारण शीर्षक आहे. दोनच पर्याय आणि दोन्ही चटकदार. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचं धोरण आणलं, तेव्हा आपल्याकडेही धान्य भाकरीला की दारूला, असा मोठा वाद झाला. तो वाद धोरणाचा होता, तिथे खरोखरच निवड करायची होती. दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने अशी निवड केली होती, हे आधी दाखवावं लागेल. ग्योबेक्ली टेपेचं उदाहरण घ्या. तिथल्या १६० लिटरपर्यंतच्या दगडी कुंडांवरून २०१२ मध्ये बिअरची बातमी झाली. रासायनिक चाचणी ठामपणे काहीच सांगत नव्हती. पुढे लॉरा डिट्रिख यांनी तिथले हजारो पाटे-वरवंटे अभ्यासून २०१९ मध्ये दाखवलं की धान्य बहुतेक जाडसर भरडलेलं आहे. म्हणजे घाटा, आणि कदाचित बिअरही. कण्या म्हणा ना! पण कण्यांची बातमी कोण छापणार?

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. राकेफेतसारखे निष्कर्ष तपासायचे तर संदर्भ-नमुने लागतात: हुरड्याचं स्टार्च कसं दिसतं, लाहीचं कसं, आंबिलीचं कसं, तिसऱ्या दिवसाच्या भिजलेल्या ज्वारीचं कसं. हे पदार्थ करणारे हात आमच्या जिल्ह्यात अजून आहेत, पण चिखली-मेहकरकडे आता शिवारं सोयाबीनची झाली आहेत आणि धापोडे विकत आणतात. ज्या दिवशी हे हात थांबतील त्या दिवसापासून स्टार्चच्या कणाकडे बघून हे बिअर नाही, आमच्याकडे असं करतात, असं सांगणारं कुणी उरणार नाही.

म्हणून एक काम सांगते, फेलोशिप नसतानाही जमेल असं. येत्या उन्हाळ्यात तुमच्या घरी किंवा शेजारी धापोडे, बिबडे, कुरडया, काहीही भिजत घातलं की रोज चमचाभर दाणा वेगळा काढा. एक चमचा भिजवायच्या आधीचा, कोरडा, तोही ठेवा. तोच सगळ्यात महत्त्वाचा. सावलीत कागदावर वाळवा, कागदी पाकिटात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. पाकिटावर पेन्सिलीने लिहा: वाण, गाव, भिजवल्याची तारीख, कितवा दिवस, पाणी बदललं का, आणि करणाऱ्या बाईंनी त्या दिवशी दाण्याबद्दल काय म्हटलं ते, त्यांच्याच शब्दांत. मावशी दुसऱ्या दिवशी दाणा बोटात दाबून अजून हसला नाही म्हणते. तेही लिहा.